ठासणीच्या बंदुकीसाठी दुसरी नळी: मोजमाप, निवड आणि जुळवणी

अमेरिकेत ठासणीच्या बंदुकीचा छंद नव्याने लागलेला माणूस बहुधा जुन्या बाजारातून, एखाद्या निवृत्त शिकाऱ्याकडून किंवा लिलावातून पहिली बंदूक घेतो. लाकडी दस्ता सुंदर असतो, पितळेचे काम चकाकत असते, घोडा आणि चाप व्यवस्थित चालतात, पण नळीत दिवा सोडून पाहिले की आतला पृष्ठभाग देवीच्या व्रणांसारखा खड्ड्यांनी भरलेला दिसतो. याचे कारण साधे आहे. काळ्या दारूचा जळून उरलेला गाळ हवेतला ओलावा शोषून घेतो, आणि बार उडवल्यावर त्याच दिवशी पाण्याने न धुता, कोरडी न करता आणि तेल न लावता ठेवलेली नळी काही दिवसांतच आतून गंजू लागते. पायरोडेक्ससारख्या पर्यायी दारूमुळे या त्रासातून सुटका होते असा समज आहे, पण तिचा गाळही तितकाच खातो. अशा वेळी संपूर्ण बंदूक टाकून देण्याऐवजी फक्त नळी बदलता येते.

हा लेख अमेरिकेत कायदेशीर मार्गाने हा छंद करणाऱ्यांसाठी आहे, आणि उदाहरण म्हणून थॉम्पसन सेंटर कंपनीची ‘हॉकन’ ही बंदूक घेतली आहे. १९७० मध्ये बाजारात आलेल्या या बंदुकीला सेंट लुईसच्या बंदूककार हॉकन बंधूंचे नाव दिले असले, तरी तिचे त्यांच्या मूळ बंदुकांशी साम्य दूरच्या नातेवाइकाइतकेच आहे. मात्र ती इतक्या घरांत पोहोचली की नवशिक्याच्या हाती येणारी पहिली ठासणीची बंदूक बरेचदा हीच असते. २००७ मध्ये कंपनी स्मिथ अँड वेसनच्या ताब्यात गेली आणि पुढे या बंदुकीचे उत्पादन थांबले, त्यामुळे नवी मूळ नळी कारखान्यातून मागवण्याचा सरळ रस्ता राहिलेला नाही.

भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. कोकणात शेतीरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका बाळगणारी घरे आजही आहेत, परंतु १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार शस्त्र बाळगण्यास परवाना लागतोच, शिवाय शस्त्राची निर्मिती, दुरुस्ती आणि रूपांतर यांसाठी कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो, आणि नळी आखूड करण्याबद्दल कलम ६ स्वतंत्रपणे बोलते. शस्त्राचे सुटे भागही या कायद्याच्या व्याख्येत येतात. म्हणून पुढचे काहीही भारतात स्वतः करून पाहू नये, अमेरिकेतून नळी सामानात घालून नेण्याचा विचारही करू नये, आणि घरच्या परवान्याच्या बंदुकीचे काम परवानाधारक दुरुस्तीकाराकडेच द्यावे.

आधी नळी रिकामी आहे याची खात्री

ही पायरी वगळण्यासारखी नाही, कारण ठासणीच्या बंदुकीत काडतूस बाहेर काढून पाहण्याची सोय नसते. गोळी ठासायचा गज नळीत पूर्ण खाली सोडावा, तोंडाशी त्यावर पेन्सिलने खूण करावी, मग गज बाहेर काढून नळीच्या बाहेरच्या अंगाला लावून धरावा. रिकाम्या नळीत गजाचे टोक जवळजवळ निपलपर्यंत (घोड्याच्या आघाताने पेटणारी स्फोटक टोपी जिच्यावर बसते ती छोटी चोच), किंवा गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या चकमकीच्या बंदुकीत नळीच्या बाजूच्या पेटवणीच्या छिद्रापर्यंत पोहोचते. हॉकनसारख्या बंदुकीत नळीच्या मागच्या बुचात दारूसाठी अरुंद कोठी असते, त्यामुळे गज तिथे सुमारे एक इंच आधीच अडतो. हा फरक ठाऊक नसेल तर माणूस उगीच घाबरतो. त्याहून वाईट म्हणजे तीन-चार इंचांचा फरकही ‘कोठीच असेल’ म्हणून सोडून देतो.

माझ्या बाबतीत हे प्रत्यक्ष घडले आहे. एका खासगी विक्रेत्याकडून मी सुटी नळी मागवली होती. सुटी नळी म्हणजे लोखंडाचा तुकडा, तिच्यात काय असणार, अशा भावनेने मी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावरच उघडली. गज आत सोडला तेव्हा त्याचा आवाज लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा खणखणीत येण्याऐवजी ‘थप्प’ असा बसका आला, आणि बाहेरून मोजल्यावर गज निपलच्या चार इंच आधी थांबल्याचे दिसले. नळीत दारू आणि गोळी ठासलेली होती, कदाचित कित्येक वर्षांपासून. या बंदुकांत मागचे बूच नळीलाच जोडलेले असते, त्यामुळे दस्त्यापासून सुटलेली नळीही भरलेली असू शकते हे त्या दिवशी कळले. अशी नळी सापडल्यास तोंड निर्जन दिशेला ठेवावे, निपलवर टोपी नाही हे पाहावे, उष्णता देणे, गिरमिटाने गोळी पोखरणे असले काहीही करू नये आणि ती रिकामी करण्यासाठी जाणत्या दुरुस्तीकाराची मदत घ्यावी.

नळी खरोखर बदलायला हवी का

खड्डे दिसले म्हणजे नळी गेली असे नाही. स्वच्छ सुती कापडाची चिंधी जॅगवर (गजाच्या टोकाला लावायच्या खाचेदार तुकड्यावर) लावून नळीतून सावकाश ओढावी. ती सगळीकडे सारख्या जोराने सरकत असेल आणि तिचे धागे कुठे अडकून तुटत नसतील, तर थोडा गंज असूनही अशी नळी गोल गोळी अचूक टाकते. याउलट एकाच जागी चिंधी अचानक सैल पडत असेल, तर तिथे नळी आतून फुगलेली असण्याची शक्यता आहे. गोळी दारूवर पूर्ण न बसवता बार उडवल्याने असे होते, आणि ती नळी पुन्हा वापरू नये. निपलच्या आसपासचे लोखंड झिजलेले, आटे ढिले झालेले किंवा बुचाच्या सांध्यातून काळा गाळ बाहेर आलेला दिसल्यासही तोच निर्णय घ्यावा. पुष्कळदा मात्र दोष नळीत नसून जुन्या निपलमध्ये असतो: छिद्र मोठे झाले की वायू मागे येतो, घोडा उडतो आणि माणूस नळीला दोष देतो. दहा डॉलरच्या आसपासचा हा भाग आधी बदलून पाहणे शहाणपणाचे आहे. त्याचे आटे तपासून घ्यावेत, कारण थॉम्पसन सेंटरच्या बंदुकांत ते १/४-२८ (पाव इंच व्यास, इंचाला २८ आटे) असतात आणि स्पेन किंवा इटलीतून आलेल्या अनेक बंदुकांत ६ मिलिमीटर बाय १ (६ मिलिमीटर व्यास, दोन आट्यांत १ मिलिमीटर अंतर). चुकीचा निपल दोन फेऱ्यांपर्यंत आत जातो आणि मग आटे खराब करतो.

मोजमाप: नाव नव्हे, आकडे

नवशिके सर्वाधिक पैसे घालवतात ते या टप्प्यावर. जाहिरातीत ‘हॉकनची नळी’ एवढेच लिहिलेले असते, आणि हॉकन हे नाव अनेक कंपन्यांनी आपापल्या बंदुकांना दिले आहे. कनेक्टिकट व्हॅली आर्म्स, ट्रॅडिशन्स, लायमन यांच्या बंदुका दुरून सारख्याच दिसतात, पण त्यांच्या नळ्या एकमेकांच्या दस्त्यांत बसतील असे गृहीत धरता येत नाही. म्हणून खरेदीआधी व्हर्नियर कॅलिपर घेऊन पुढील मापे कागदावर लिहावीत.

पहिले माप अष्टकोनी नळीच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधले अंतर. थॉम्पसन सेंटरच्या ४५ आणि ५० कॅलिबरच्या (म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास ०.४५ आणि ०.५० इंच) हॉकनमध्ये ते १५/१६ इंच, म्हणजे २३.८ मिलिमीटर असते; त्याच कंपनीच्या ‘रेनेगेड’मध्ये ते पूर्ण एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर. फरक जेमतेम १.६ मिलिमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा. पण एक इंची नळी हॉकनच्या दस्त्यात बसत नाही, आणि १५/१६ ची नळी रेनेगेडच्या दस्त्यात खुळखुळते. माझ्या त्या भरलेल्या नळीचे शेवटी हेच निघाले: जाहिरातीत हॉकन, कॅलिपरवर २५.४.

दुसरे माप मागच्या आकड्याचे. या बंदुकांत नळीच्या बुचाला आकड्यासारखा भाग असतो, तो दस्त्यात कायम राहणाऱ्या टँगच्या, म्हणजे मागच्या लोखंडी पट्टीच्या, खाचेत अडकतो, आणि पुढून एक पाचर ठोकली की नळी घट्ट बसते. या व्यवस्थेमुळेच नळी सहज काढता येते आणि त्यामुळेच ती बदलताही येते. परंतु आकड्याची रुंदी, उंची आणि कोन प्रत्येक कंपनीचा वेगळा. आकडा जुळला नाही तर बाकी सर्व मापे जुळूनही उपयोग नाही. विक्रेत्याकडे आकड्याचा मोजपट्टीसह बाजूने आणि मागून काढलेला फोटो मागावा; जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नये.

तिसरे म्हणजे नळीच्या मागच्या कडेपासून तिच्या खालच्या बाजूच्या, पाचर ज्यातून जाते त्या कानापर्यंतचे अंतर आणि कानांची संख्या. हॉकनमध्ये एकच पाचर असते, तर लायमनच्या ‘ग्रेट प्लेन्स’मध्ये दोन. चौथे, निपल बसतो तो फुगीर भाग बुचाच्या कडेपासून किती दूर आहे, कारण घोडा नेमका तिथेच पडायला हवा. लांबी हे सर्वांत कमी महत्त्वाचे माप आहे. हॉकनची मूळ नळी २८ इंचांची असते, तिच्या जागी ३२ इंचांची बसवली तरी बिघडत नाही. मात्र तोल पुढे सरकतो आणि नवा, लांब गज घ्यावा लागतो. आखूड गज गोळी दारूपर्यंत नेऊ शकला नाही तर काय होते ते वर आलेच आहे.

पीळ कोणता हवा

नळीच्या आतल्या चरांना जो पीळ दिलेला असतो त्यावर कोणती गोळी नीट जाईल हे ठरते. चर किती इंचांत एक पूर्ण फेरी घेतात, त्यावरून पीळ मोजतात. कापडाच्या चिंधीत गुंडाळलेल्या शिशाच्या गोल गोळीला मंद पीळ पुरतो, ६६ किंवा ७० इंचांत एक. गोळी गोलच असल्याने तिला स्थिर ठेवायला फार फिरवावे लागत नाही, उलट जास्त फिरवली आणि दारू वाढवली की चिंधी चरांवरून निसटते. लांबट, निमुळत्या गोळीला जलद पीळ हवा, ३२ किंवा २८ इंचांत एक. थॉम्पसन सेंटरने हॉकनला ४८ इंचांत एक असा मधला पीळ दिला. तो दोन्ही गोळ्या चालवतो, आणि माझ्या मते दोन्हींपैकी एकीलाही पूर्ण न्याय देत नाही. जुनी नळी बदलताना हाच मधला पीळ पुन्हा शोधत बसण्यापेक्षा आपण काय उडवणार हे ठरवून घ्यावे.

ठरवण्यासाठी एक व्यवहारी कसोटी आहे. लक्ष्यावर सराव, जुन्या पद्धतीची स्पर्धा आणि हरणाची जवळून शिकार एवढेच करायचे असेल, तर मंद पिळाची, खोल चरांची नळी घ्यावी. ५० कॅलिबरमध्ये ०.४९० इंचाची गोल गोळी साधारण १७७ ग्रेनची (सुमारे साडेअकरा ग्रॅमची) असते आणि ०.०१५ इंच जाडीच्या सुती चिंधीत ती सहसा चांगली बसते. एल्कसारख्या मोठ्या जनावरासाठी लांबट गोळी वापरायची असेल, जिचे वजन ३७० ग्रेनपर्यंत जाते, तर जलद पीळ घ्यावा. शिकारीचे नियम राज्यागणिक बदलतात: कोलोरॅडोत एल्कसाठी ५० कॅलिबरपेक्षा लहान ठासणीची बंदूक चालत नाही, तर पेनसिल्व्हेनियात नाताळानंतरचा एक हंगाम फक्त चकमकीच्या बंदुकांसाठी राखलेला असतो. टोपीच्या बंदुकीसाठी उत्तम नळी घेतली आणि त्या हंगामाला ती चालणारच नाही हे नंतर कळले, असे होऊ नये.

शोध कुठे घ्यावा

न्यू हॅम्पशरमधली ग्रीन माउंटन ही कंपनी पूर्वी थॉम्पसन सेंटरच्या दस्त्यांत थेट बसणाऱ्या नळ्या बनवत असे, गोल गोळीसाठी ७० इंचांत एक आणि लांबट गोळीसाठी २८ इंचांत एक अशा दोन प्रकारांत. त्या जुन्या बाजारात अधूनमधून येतात आणि आल्या की टिकत नाहीत. टेनेसीतल्या युनियन सिटीचे डिक्सी गन वर्क्स आणि मिनेसोटातले ट्रॅक ऑफ द वुल्फ यांच्या यादीत नळ्या, बुचे, पाचरा आणि निपल सुटे मिळतात. सर्वांत चांगली जागा मात्र इंडियानातील फ्रेंडशिप या छोट्या गावी भरणारे राष्ट्रीय ठासणी बंदूक संघटनेचे मेळावे. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेच्या मैदानावर विक्रेत्यांची रांग लागते, आणि तिथे कॅलिपर हातात घेऊन नळी आपल्या डोळ्यांनी पाहता येते. जाताना आपला रिकामा दस्ता बरोबर न्यावा. पहिल्यांदा मला तो घेऊन फिरण्याची लाज वाटली होती, पण तिथे निम्मे लोक तेच करत होते.

कायद्याचा भाग थोडक्यात असा. १९६८ च्या संघीय कायद्यानुसार काळ्या दारूवर चालणारी आणि काडतूस घेऊ न शकणारी ठासणीची बंदूक सामान्य बंदुकीच्या व्याख्येबाहेर राहते. पण नळी किंवा मागचा भाग बदलून जी सहज काडतुसांवर चालू शकेल, तिला ही सवलत नाही. हॉकनच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही. काही आधुनिक बंदुकांच्या बाबतीत येतो, आणि तिथे नळी बदलण्याआधी वकिलाला किंवा परवानाधारक विक्रेत्याला विचारावे. न्यू जर्सी आणि इलिनॉय येथे राहणाऱ्यांनी आपल्या राज्याचे नियम वेगळे वाचावेत, कारण ते संघीय नियमांपेक्षा कडक आहेत.

जुळवणी

नळी आली की पुन्हा गज टाकून ती रिकामी असल्याचे पाहावे. मग पाचर बाजूला ठेवून आकडा तिरका धरून टँगच्या खाचेत घालावा आणि नळी हळूहळू दस्त्यात खाली आणावी. ती स्वतःच्या वजनाने शेवटच्या पाव इंचापर्यंत खाली यायला हवी. हातोडीची गरज वाटली म्हणजे कुठेतरी लाकूड अडते आहे. ते कुठे, हे शोधायला मेणबत्तीच्या ज्योतीवर धरलेल्या चमच्याच्या पाठीवरची काजळी बोटाने नळीच्या खालच्या बाजूला पातळ चोपडावी आणि नळी बसवून पुन्हा काढावी. लाकडावर जिथे काळे ठिपके उमटतील तेवढेच धारदार पटाशीने कागदाच्या जाडीइतके तासावे, आणि हे दहा-बारा वेळा करावे लागले तरी कंटाळू नये. एकदा जास्त तासले गेले की नळी हलू लागते. या कामात फक्त लाकूड तासायचे. आकड्याला कानस लावण्याचा मोह टाळावा, कारण बार उडताना मागे येणारा सगळा धक्का तोच पेलतो.

नळी बसली की निपलवर कागदाची गोल चकती ठेवून घोडा हाताने धरून अलगद खाली आणावा. घोड्याच्या पोकळ तोंडाचा ठसा चकतीवर मध्यभागी उमटायला हवा. थोडा बाजूला असेल तर दुरुस्तीकार घोडा गरम करून वाकवून देतो. निम्मा बाहेर असेल तर ती नळी त्या बंदुकीची नाही असे समजावे. बुचाचा फुगीर भाग आणि चापाच्या पेटीची पट्टी यांत नखभर फट दिसली, तर तिथून ठिणग्या आणि गाळ लाकडात शिरतात, म्हणून तीही दाखवून घ्यावी.

काही फेरफार घरी करायचे नसतात. नळी आखूड करणे, तोंडाची कड नव्याने कातणे, मागचे बूच काढणे किंवा नवीन बसवणे, खालचा कान डाखणे, निपलचे आटे मोठे करणे, आणि आत अस्तर घालून नळी नवी करणे किंवा चर पुन्हा कातून कॅलिबर मोठे करणे, ही लेथ आणि अनुभव असलेल्या माणसाची कामे आहेत. अमेरिकन पद्धतीच्या सुट्या नळ्यांत बुचाचे आटे सहसा १५/१६ इंची नळीला ५/८-१८ आणि एक इंची नळीला ३/४-१६ असतात. बुचाचा पुढचा चेहरा आत नळीच्या पायरीला पूर्ण टेकलेला असायला हवा, अन्यथा त्या फटीत गाळ साठून गंज धरतो आणि कधी निखारा राहतो. ही एकच गोष्ट घरी केलेल्या कामात पुन्हा पुन्हा चुकलेली दिसते. पाण्याचा पाइप किंवा कुठलीही बाजारातली ट्यूब नळी म्हणून वापरण्याची सूचना कुणी केली, तर तिथून उठून जावे. युरोपातून आलेल्या नळीवर सरकारी चाचणीचे शिक्के असतात, ब्रिटनमध्ये तर त्यासाठी १८६८ चा कायदा आहे. अमेरिकेत अशी सक्ती नाही, त्यामुळे इथे निर्मात्याचे नाव हीच हमी.

पहिला बार

नव्या नळीतून पहिले बार मैदानावर, नळीच्या निर्मात्याने छापलेल्या सर्वांत कमी मापाच्या दारूने उडवावेत. ५० कॅलिबरला बहुतेक निर्माते दोन एफ प्रतीची दाणेदार दारू सुचवतात. काळी दारू किंवा तिचा मान्य पर्याय सोडून दुसरी कोणतीही वापरू नये. धूरविरहित दारूचे चमचाभर मापही ही नळी फाडू शकते. चष्मा आणि कानाचे संरक्षण हवेच, आणि निपलच्या रेषेत कुणी उभे राहू नये. गोळी दारूवर टेकली की गजावर तोंडाशी खूण करावी, म्हणजे पुढच्या प्रत्येक वेळी गोळी पूर्ण खाली गेली की नाही ते पाहता येईल. पाच बारांनंतर नळी काढून आकडा, कान आणि पाचर तपासावी; पाचरेवर नवी चमक फक्त एका बाजूला दिसली तर ती तिरकी बसते आहे. वापरलेल्या चिंध्या जमिनीवरून शोधून आणाव्यात. कडेला जळून फाटलेली चिंधी म्हणजे गोळी सैल आहे किंवा तोंडाची कड धारदार आहे, आणि मधोमध भोक पडले असेल तर दारू जास्त आहे किंवा चिंधी पातळ आहे.

जुनी नळी टाकू नये. ती बाहेरून ‘खराब’ अशी चिठ्ठी बांधून तेल लावून ठेवावी. आतून फुगलेली नसेल, तर अस्तर घालून देणारा कारागीर कधीतरी भेटतो, आणि तिचा आकडा तर आपल्या दस्त्यात बसतो हे आपल्याला आधीच ठाऊक असते.